तालीम सोडून मॅटवर जावं, की दोन्हीकडे खेळावं? (मुलाच्या कुस्तीबद्दल सल्ला हवा)

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. इथे कुस्ती खेळलेले आणि शिकवणारे बरेच जण आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आम्ही शिराळा तालुक्यातले. मुलाला पंधरा पूर्ण झाली, यंदा दहावीत जाईल. चौथीत असल्यापासून गावच्या तालमीत जातो. वस्ताद साठीच्या पुढचे, तरुणपणी जत्रेची मैदानं गाजवलेले. कुणाकडून एक रुपया घेत नाहीत. पहाटे जोर, बैठका, सपाट्या. संध्याकाळी हौद्यात, म्हणजे मातीच्या आखाड्यात, लढती. मुलाची मान, पकड, दम, सगळं त्यांनी घडवलंय. गेल्या दोन जत्रांत त्याच्यापेक्षा मोठ्या पोरांबरोबर कुस्ती लावली होती, एकही हरला नाही.

गेल्या हंगामात शालेय जिल्हा स्पर्धेत ५५ किलोत उतरला. ती मॅटवर. पहिली कुस्ती चितपट मारली. दुसरीत एकेरी पट काढून, म्हणजे एक पाय धरून पाडून, सुरुवातीलाच दोन गुण घेतले. मग समोरच्यानं ताबा मिळवला, तर आमचा मातीतल्या सवयीप्रमाणे पोटावर घट्ट पडून राहिला. दम घेऊ आणि निघू, असा त्याचा हिशोब. त्या पोरानं कमरेला हात आवळून भारंदाज लावला आणि सोडलाच नाही. ताब्याचे दोन आणि लागोपाठ पाच पलट्यांचे दहा. १२-२ झाल्यावर पंचांनी कुस्ती थांबवली, पहिली फेरीसुद्धा संपली नव्हती. मुलगा उठून पंचांकडे बघत राहिला. मला म्हणाला, "पप्पा, पाठ तर टेकलीच नाही, मग मी हरलो कसा?"

तालुक्याच्या गावी एक मॅट केंद्र आहे, आमच्यापासून वीस किलोमीटर. तिथले कोच एन.आय.एस. केलेले, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षण घेतलेले आहेत. त्यांनी ती कुस्ती बघितली होती. म्हणाले, पोरगं चांगलं आहे, पाठवा, पण माती बंद करावी लागेल. मुलाला दोन्ही हवंय. वस्तादांशी अजून बोललेलो नाही. गावात बातमी फिरायच्या आत बोलायला हवं, हे कळतंय.

सोडावी का तालीम? की दोन्हीकडे पाठवू? दोन्हीकडे पाठवलं तर पोराच्या अंगाला झेपेल का?

---

शड्डू

तालीम सोडू नका. मॅटवर जाऊन पोरं दोन वर्षांत चपळ होतात हे खरं, पण मानेत आणि मनगटात जे भरायचं ते हौद्यातच भरतं. मॅट नंतरही शिकता येते.

---

मॅटवरची_आई

"नंतर" म्हणजे कधी, शड्डूदादा? पंधरा म्हणजे सतरा वर्षांखालच्या गटाचं वय झालं. अजून दोन-तीन वर्षांत वीस वर्षांखालचा गट. हरियाणाची पोरं दहाव्या वर्षापासून मॅटवर असतात, त्यांच्याशी गाठ पडणार आहे याची.

---

गंगावेशीचा

मी कोल्हापुरात तालमीत राहून खेळलेला माणूस. राज्य स्पर्धेपर्यंत गेलो, पुढे नोकरी लागली. आता वय पंचावन्न. या प्रश्नावर आमच्या पिढीनं बरंच सोसलंय, म्हणून सांगतो.

आधी एक गोष्ट मनातून काढा, की माती जुनी आणि मॅट नवी. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, मातीत वाढलेले. १९४८ साली लंडनला गेले आणि तिथे गादीवर, म्हणजे मॅटवर, लढून फ्लायवेट गटात सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला बँटमवेटमध्ये कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांचा ढाक हा डाव मातीतलाच होता. पण त्या चार वर्षांत त्यांनी ती ढाक गादीच्या नियमांत बसवली, हे लोक सांगायचं विसरतात. निम्मी गोष्ट सांगितली की शड्डूंसारखं मत होतं आणि दुसरी निम्मी सांगितली की त्या कोचसारखं.

दोन्हीतला फरक नुसता खालच्या जमिनीचा नाही. मातीत खडाखडी लांबते, उभं राहून मान दाबत, हात तोलत तुम्ही समोरच्याला जोखता. खाली गेलात तर बिघडत नाही, पाठ लागत नाही तोवर कुस्ती जिवंत आहे. सवारी भरून समोरचा दहा मिनिटं बसला तरी निकाल नाही. त्यामुळे मातीतल्या पोराला खाली पडून राहण्याची भीतीच नसते. गादीवर मोठ्यांचा सहा मिनिटांचा खेळ, तीन-तीनच्या दोन फेऱ्या, सतरा वर्षांखालच्यांना दोन-दोनच्या, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. ताबा गेला की दोन गुण, पाठ मॅटकडे फिरली की दोन, रेषेबाहेर पाय गेला की एक, आणि फ्रीस्टाइलला दहा गुणांचा फरक पडला की खेळ संपला. तुमचा मुलगा जे विचारत होता त्याचं उत्तर हे आहे. पाठ टेकली नाही, पण पाच वेळा फिरली.

मुलगा हरला तो ताकदीनं नाही, एका सवयीनं. ती सवय काढायला माती बंद करायची गरज नाही. खाली पडलं की हात कोपरापासून अंगाशी घ्यायचे, कंबर जड करायची, गुडघ्यावर येऊन लगेच उठायचं. हे मातीतही घोटून घेता येतं. फक्त घोटून घेणारा पाहिजे.

---

वारणाकाठ

गंगावेशीचा काका, आभार. मुलाला तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून दाखवला. आज संध्याकाळी तेच करून बघतो म्हणतोय.

---

कोच_सोलापूर

मी मॅटवर शिकवतो, तालमीतही वाढलोय. तुमच्या तालुक्याचे कोच "माती बंद" का म्हणाले असतील ते सांगतो, कारण मीही काही मुलांना तसं सांगतो.

पहिलं, ठेवण. मातीतला मुलगा उंच उभा राहतो. गादीवर तसा उभा राहिला की समोरचा थेट पायात शिरतो. दुसरं, कड. हौद्यात कडेला गेलं की पंच मध्ये आणतात, गादीवर ढकलून बाहेर काढलं की गुण. मातीच्या मुलांचं कडेकडे लक्षच नसतं. तिसरं, निष्क्रियता. खडाखडीत वेळ काढला की पंच ताकीद देतात, मग तीस सेकंदांत गुण मिळवायचा, नाहीतर समोरच्याला एक गुण. माझ्या एका चांगल्या मुलानं अख्खी कुस्ती अशीच घालवली होती, एकही डाव न खाता दोन गुण देऊन आला.

या तिन्ही गोष्टी अंगात मुरायला सलग वेळ लागतो. आज मॅट, उद्या माती, परवा मॅट असं केलं की पहिले काही महिने दोन्ही बिघडतात. म्हणून कोच तसं म्हणतात. त्यांचं चूक नाही.

पण कायमची बंद? मी नाही सांगणार. ढाक, कलाजंग, धोबीपछाड हे मातीतले डाव गादीवर थेट पाठीवर पडले तर एका फटक्यात चार गुण देतात. नुसत्या मॅटवर वाढलेल्या मुलांना हे उंच डाव येत नाहीत, आणि कुणी लावले तर त्यांना सुटकाही माहीत नसते. अट एवढीच की फसला तर आपणच खाली जातो, तेव्हा कधी लावायचा हे शिकवावं लागतं.

माझ्या मुलांना मी हंगाम वाटून देतो. शालेय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होऊन दिवाळीच्या पुढे चालतात. त्या काळात लढती फक्त मॅटवर. फाल्गुन-चैत्रापासून जत्रा, तेव्हा मातीत लढा, मॅटवर आठवड्यातून एकदा या म्हणजे पाय विसरत नाहीत. सकाळची मेहनत मात्र बारा महिने तालमीतच करा. जोर-बैठकांना गादी लागत नाही.

---

निळा_पट्टा

कुस्तीतला नाही मी, पण दोन ठिकाणी शिकण्याचा अनुभव आहे. पुण्यात कॉलेजपासून ज्युदो करायचो, नंतर ब्राझिलियन जिउ-जित्सूची जिम लावली आणि दोन्ही चालू ठेवलं.

कोच_सोलापूर म्हणतात तसा सवयीचा गोंधळ मला चांगलाच नडला. ज्युदोत २०१० पासून पाय धरून पाडण्यावर बंधनं आली आणि २०१३ पासून पायाला हात लावणंच बंद झालं. जिउ-जित्सूत मात्र पाय धरणं रोजचं. स्पर्धेत घाई झाली की हात आपोआप खाली जायचा. शेवटी ठरवलं, की एक जिम घरची आणि दुसरी पाहुण्याची. स्पर्धा ज्युदोची असेल तर आधीचे दोन महिने दुसरीकडे फक्त जमिनीवरचा खेळ करायचा, उभ्यानं सुरुवातच नाही. दोन्ही सरांना हे स्पष्ट सांगितलं होतं. दोघांनाही राग आला नाही. राग येतो तो तिसऱ्याकडून कळल्यावर.

---

मॅटवरची_आई

वारणाकाठ, माझी मुलगी १७ वर्षांची आहे, ५३ किलोत खेळते. तिची गोष्ट थोडी वेगळी आहे, पण सांगायलाच हवी.

आमच्या गावात तालीम आहे, भावाला तिथे घातलं. मुलीला मारुतीच्या देवळाच्या पायरीवरून परत पाठवलं. इथे मुली येत नाहीत म्हणाले. त्यामुळे आमच्यापुढे माती की मॅट हा प्रश्नच आला नाही, मॅट होती म्हणून ती पैलवान झाली. इथे माती म्हणजे मूळ, माती म्हणजे संस्कार असं कुणी लिहिलं की माझ्या मनात हे येतं. चांगले वस्ताद आहेत, आता काही ठिकाणी मुलींना घेतातही, त्यांच्याविषयी आदर आहे.

दोन्हीकडे खेळण्याबद्दल मात्र अनुभव आहे. मध्यंतरी आम्ही तिला दोन केंद्रांत घातलं होतं. एकीकडचे कोच डावा पाय पुढे ठेव म्हणायचे, दुसरीकडचे उजवा. एकाकडे वजन वाढव, दुसऱ्याकडे खालच्या गटात ये. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतील. पोरगी रात्री जेवताना रडायची, की आई, मी कुणाचं ऐकू? सहा महिन्यांत तिचा खेळ मागे गेला. एका केंद्रानं तर दुसऱ्या केंद्रात जाते म्हणून स्पर्धेची प्रवेशिकाच वेळेवर पाठवली नाही. ते आम्हाला स्पर्धेच्या सकाळी कळलं.

तेव्हा दोन्हीकडे पाठवा किंवा पाठवू नका, पण मुलाचा आठवडा कोण ठरवणार ते एकाच माणसाच्या हातात द्या. दोन मालक नकोत.

---

शड्डू

ताई, देवळाच्या पायरीवरून परत पाठवलं हे वाचून वाईट वाटलं. माझी भाची खेळते, तिलाही असंच. माझा मुद्दा मातीच्या फायद्यापुरताच होता.

पण एक बोलतो. गुरू बदलणं ही छोटी गोष्ट नाही. ज्या माणसानं पैसा न घेता सहा वर्षं पोराच्या अंगाला माती लावली, त्याला सांगायचं, की आता तुमच्याकडचं संपलं?

---

गंगावेशीचा

शड्डू, भावना समजते. पण चांगल्या वस्तादाला हे तुमच्या-माझ्याआधी कळतं. राहुल आवारे बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा. पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत हरिश्चंद्र बिराजदार मामांकडे घडला. २०११ साली मामा गेले. मग तो काका पवारांकडे गेला, जे स्वतः मामांचेच पठ्ठे. २०१८ ला राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण, २०१९ ला जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. नाव दोन्ही घरांचं झालं.

आणि २०२० ची महाराष्ट्र केसरी आठवा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, त्या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात. दोन्हींचे विजेते किताबासाठी एकमेकांशी भिडतात, आणि ती कुस्ती गादीवर होते. त्या वर्षी मातीतून शैलेश शेळके आला, गादीतून हर्षवर्धन सदगीर. दोघेही काका पवारांच्याच तालमीतले. सदगीर ३-२ नं जिंकला. एका छपराखाली माती पण आणि गादी पण, एकच वस्ताद. मॅटवरची_आई म्हणतात ते "दोन मालक नकोत" तिथे आपसूक साधलेलं आहे. तुमच्या गावात ते साधायचं असेल तर वस्ताद आणि कोच या दोघांना एकमेकांशी बोलायला लावावं लागेल. दुसरा रस्ता मला दिसत नाही.

---

फिजिओताई

झेपेल का, हे विचारलंय त्यावर कुणी नीट बोललं नाही म्हणून लिहिते. माझ्याकडे पैलवान मुलं बरीच येतात, जास्त करून गुडघा, खांदा आणि मान घेऊन.

वाढत्या वयातल्या खेळाडूंसाठी एक ढोबळ ठोकताळा वापरतात, की आठवड्याचे सरावाचे एकूण तास वयाच्या आकड्यापुढे जाऊ देऊ नयेत. म्हणजे तुमच्या मुलाला पंधरा. आता मोजा. पहाटे दीड तास, संध्याकाळी दोन, आठवड्याचे सहा दिवस. हे आजच एकवीस होतात! त्यात वीस किलोमीटर जाणं-येणं आणि दहावी. मॅटचे तास यात वरून घालायचे नाहीत, आतलेच कमी करून बसवायचे. आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टी, त्या दिवशी जोरसुद्धा नाहीत.

झोप आठ ते दहा तास लागते या वयात. पहाटे साडेचारला उठणारा मुलगा रात्री साडेआठला झोपला पाहिजे. मॅटवरून घरीच साडेआठला येणार असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटेची मेहनत बंद ठेवा. यावर तडजोड करू नका, दुखापती मला बहुतेक थकलेल्या मुलांत दिसतात.

मॅटवर बूट घट्ट पकडतो, माती पाय सरकू देते. मातीतून आलेला मुलगा मॅटवर त्याच पद्धतीनं वळला की पाय जागेवर राहतो आणि गुडघा फिरतो. पहिले काही आठवडे त्याला पाय उचलून वळायला शिकवायला सांगा.

कातडी. गजकर्ण दोन्हीकडे होतं आणि दोन ठिकाणी खेळणारा मुलगा ते इकडून तिकडे नेतो. सराव संपला की लगेच आंघोळ, टॉवेल आणि लंगोट-जांघ्या रोज धुतलेले. गोल चट्टा दिसला तर मेडिकलमधून मिळणारी स्टिरॉइड मिसळलेली मलमं लावू नका. त्यानं खाज थांबते आणि आजार खोल जातो. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि बरं होईपर्यंत लढती बंद. कानात रक्त साकळून फुगला तर पहिल्या एक-दोन दिवसांतच डॉक्टरकडून काढून घ्या, नंतर तो तसाच घट्ट होतो. पैलवानाची खूण म्हणून मिरवतात मुलं, पण ऐकू कमी येणारेही पाहिलेत मी.

वजन. आता वजन स्पर्धेच्या दिवशी सकाळीच घेतात, त्यामुळे आदल्या दिवशी पाणी तोडून वजन उतरवलेला मुलगा काही तासांतच तसाच कोरडा मॅटवर उतरतो. पंधराव्या वर्षी वजन उतरवायचंच नाही. जेवढं भरेल त्या गटात खेळवा.

---

वारणाकाठ

फिजिओताई, तुमचा हिशोब वहीत मांडला आणि बायकोला दाखवला. ती म्हणाली, हेच मी दोन वर्षं सांगतेय. मुलाला शाळेत पहिल्या तासाला झोप येते, हे तिला शिक्षकांनी सांगितलं होतं.

आणखी एक अडचण, खर्चाची. जत्रेतल्या इनामावर त्याचा खुराक बराचसा निघतो. दूध घरचं आहे, पण बदाम, तूप, अंडी विकतच. माती बंद म्हणजे ते इनाम बंद. वर मॅट केंद्राची फी, बूट, एसटी. मी शेती करतो, ऊस आहे दीड एकर. अशक्य नाही, पण बसून विचार करावा लागेल असं आहे.

---

कोच_सोलापूर

खुराकाचं टेन्शन थोडं कमी करतो. या वयात आणि या वजनाला थंडाईचे तांबे लागत नाहीत. दूध, अंडी, शेंगदाणे, मटकी-हरभरा मोड आणून, भाकरी, भाज्या, केळी. बदामावर खर्च होतो तेवढ्यात महिन्याची अंडी येतात.

एसटीचा पास शाळेमार्फत निघतो का बघा. फीचं कोचशी मोकळं बोला. गरजू मुलाची फी माफ किंवा कमी करणारे कोच मी खूप पाहिलेत. शिवछत्रपती क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्यांवर लक्ष ठेवा, तिथे निवड झाली तर राहणं, जेवण आणि शिक्षण सरकारकडून. आणि हे कुणी नीट सांगत नाही म्हणून सांगतो, राज्य-राष्ट्रीय स्पर्धेतल्या कामगिरीवर दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात आणि सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. ते अधिकृत स्पर्धांच्या प्रमाणपत्रावर, जत्रेच्या इनामावर नाही. पोराला पुढे खेळावर उभं राहायचं असेल तर मॅट टाळता येणार नाही. माती ठेवायची की नाही ही निवड आहे, मॅटवर जाणं ही निवड नाही.

---

शड्डू

हे शेवटचं वाक्य मला मान्य करावंच लागेल. नोकरीचा मुद्दा मी धरला नव्हता. माझ्या बरोबरीची चांगली पोरं जत्रा मारत राहिली, आज कुणी वाळूच्या ट्रकवर आहे, कुणी हॉटेलच्या दारात उभा आहे. त्यांची अंगं बघून अजून लोक थांबतात.

---

वारणाकाठ

मंडळी, काल वस्तादांकडे गेलो होतो. मुलाला बरोबर नेलं. काय झालं ते लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलाय.

वस्ताद हौदा खणत होते. मी पण फावडं घेतलं, माती उलथताना बोललो. जिल्ह्याच्या कुस्तीबद्दल त्यांना सगळं माहीत होतं, गुणासकट. म्हणाले, "भारंदाज मला शिकवता येतो, पण त्या घड्याळाचा खेळ मी खेळलेलो नाही. पंच काय बघतो ते मला पोराला सांगता येत नाही." मग मुलाकडे वळून विचारलं, तुला काय पाहिजे. मुलगा म्हणाला, दोन्ही. वस्ताद म्हणाले, दोन्ही मिळेल, पण दोन्हीकडे पुढारी व्हायला जाऊ नको, तिथे गेलास की तिथलं ऐकायचं.

त्यांनी स्वतःच कोचला फोन लावायला सांगितला. कोच आज संध्याकाळी तालमीत आले. आधी जरा अवघडलेपण होतं. मग मुलाची एक लढत लावली आणि दोघं कडेला उभं राहून बघत होते. मुलानं ढाक लावली तेव्हा कोचनी ती थांबवली आणि वस्तादांना विचारलं, की हा पाय एवढा आत का घेता. वस्तादांनी उत्तर द्यायच्या ऐवजी कोचचाच हात धरून दाखवलं. मग जवळजवळ तासभर दोघं त्या एका डावावर बोलत होते. "माती बंद" हा विषय कोचनी परत काढला नाही.

ठरलं ते असं. आठवडा कोच ठरवतील, ही वस्तादांचीच सूचना. पहाटेची मेहनत तालमीत चारच दिवस, आणि एक तासापेक्षा जास्त नाही. मॅट सोमवार, बुधवार, शुक्रवार. मातीत लढत फक्त शनिवारी, आणि स्पर्धेच्या दीड महिना आधी तीही नाही. रविवारी काहीच नाही. चैत्रापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत जत्रेला वस्ताद नेतील. बोर्डाच्या परीक्षेआधीचे दोन महिने दोन्हीकडे लढती बंद, नुसती अंग मोकळं ठेवण्यापुरती मेहनत. फी कोचनी निम्मी केली.

एका गोष्टीवर जुळलं नाही. आमच्या गावचं मैदान नागपंचमीला असतं आणि तेव्हा शालेय स्पर्धा तोंडावर असतात. वस्तादांचं म्हणणं, गावच्या मैदानात गावचं पोरगं नाही हे चालणार नाही. कोच म्हणाले, त्या आठवड्यात दुखापत झाली तर वर्ष जाईल. दोघांनी आवाज चढवला नाही, पण मागेही कुणी हटलं नाही. तेव्हाचं तेव्हा बघू म्हणून उठलो. तुमचं काय मत?

---

गंगावेशीचा

वाचून फार बरं वाटलं. नागपंचमीला मुलाला मैदानात न्या. सलामी देऊ द्या, नारळ घेऊ द्या, कुस्ती लावू नका. वस्तादांचा मान राहतो आणि पोराचा गुडघाही. आमच्याकडे स्पर्धेतली पोरं असंच करायची, गावानं कधी वाईट वाटून घेतलं नाही.

---

मॅटवरची_आई

मला कोचचं पटतं, पण गंगावेशीचा यांनी सांगितलेला रस्ता चांगला आहे. आणि प्रवेशिका कोणत्या शाळेच्या नावानं, कोण भरणार, शेवटची तारीख कुणाच्या लक्षात, हे आत्ताच ठरवून घ्या. एक झेरॉक्स तुमच्याकडे ठेवा.

---

वारणाकाठ

ताई, प्रवेशिकेचं उद्याच शाळेत जाऊन विचारतो. काका, सलामीचं वस्तादांना सुचवतो, त्यांना ते पटेल असं वाटतंय.

एक शेवटचं. बूट घ्यायचेत. मुलाचा पाय वाढतोय, म्हणून एक नंबर मोठे घ्यावेत असं दुकानदार म्हणतो. कोच_सोलापूर, घेऊ का?

---

कोच_सोलापूर

नको. कुस्तीचा बूट घोट्याला आणि बोटांना घट्टच बसला पाहिजे. मोठा घेतला तर आत पाय फिरतो आणि फिजिओताई म्हणाल्या तो गुडघ्याचा त्रास तिथूनच सुरू होतो. बरोबर मापाचा साधा घ्या, महागडा नको, वर्षभरात लहान होणारच आहे. तेव्हा केंद्रातल्या धाकट्या मुलाला द्या. आमच्याकडे बूट असेच चार पोरांच्या पायांतून फिरतात. आणि लेसची गाठ वर टेपनं बांधायला शिकवा, कुस्तीत ती सुटली की पंच टोकतात.